बोटीखालचं पाणी

१

शनिवारी सकाळी आठला मी वोब्बेकडे जायचे. पाऊस असो, वारा असो, आठ म्हणजे आठ. चौतीस वर्षं बस चालवलेल्या बाईला वेळेची सवय सुटत नाही.

वोब्बे माझा धाकटा भाऊ. हॉलंडच्या उत्तरेला, फ्रीसलंडातल्या आमच्या गावाबाहेर कालव्यात त्याची बोट कायमची बांधलेली होती. जुनी मालवाहू पोलादी बोट, आतून घर केलेली. त्याची बायको रिक्स्त दोन वर्षांपूर्वी जानेवारीत काठ आणि बोट यांच्यामधल्या फटीत घसरून पडली. तिसऱ्या दिवशी पाच किलोमीटरवर, पाणी उपसायच्या पंपाच्या जाळीला अडकलेली सापडली. ओळख पटवायला मी गेले, कारण वोब्बे खुर्चीतून उठलाच नाही. तीच होती. चर्चमागे पुरली. ह्यात कसलाही गोंधळ नाही, हे आधीच सांगून ठेवते.

तेव्हापासून वोब्बेने आधी नोकरी सोडली, मग दाढी करणं सोडलं, मग बोलणंही जवळजवळ सोडलं. लेउवार्डन शहरात माझ्या घरी एक खोली रिकामी आहे. तिसरा मजला, खिडकीतून बसस्टँड दिसतो, पाणी कुठेही नाही. त्याला बोटीवरून उठवून त्या खोलीत आणायचं, एवढंच मला हवं होतं. "चल" म्हटलं की तो "बघू" म्हणायचा. म्हणून मी गळाची काठी घेऊन जायचे आणि त्याच्या डेकवरून पाइक पकडायचे. बहीण पहारा द्यायला येते असं त्याला वाटायला नको.

पाइकची खोड मला रिक्स्तनेच लावली होती. हा मासा दोन-दोन हात लांब वाढतो, थोबाड सुसरीसारखं, आणि कायम कशाच्या तरी आडोशाला दबा धरून बसतो. बांधलेली बोट म्हणजे त्याला आयतं छप्परच. त्याला खरं खाद्य लागत नाही. लाकडाचा रंगवलेला मासा दोऱ्याला बांधून फेकायचा आणि आजारी माशासारखा ओढत आणायचा. दोन झटके, थांबायचं, एक झटका. पुन्हा थांबायचं. सगळी गंमत त्या थांबण्यात आहे. पकडला की माप घ्यायचं आणि सोडून द्यायचा. इथे कोणी पाइक घरी नेत नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी मी हिरवा लाकडी मासा बोटीच्या कडेकडेने फेकला, ओढत आणला, वर उचलला. त्याचे दोन्ही गळ नव्हते.

२

तुटले असते तर माझी हरकत नव्हती. पण हे गळ किल्लीच्या जुडग्याला असते तसल्या दुहेरी कडीत अडकवलेले असतात. ती कडी उघडायला खास पक्कड लागते, आणि पक्कड असूनही माझी नखं दुखतात. कड्या जागेवर होत्या. घट्ट बंद, कुठे ओरखडासुद्धा नाही. नुसते गळ नाहीत.

मी स्वतःला म्हटलं, हिस्के, तू बिनगळाचाच फेकलास. साठी उलटली, आता हे असंच चालायचं. डबा उघडून तांबडा मासा घेतला. दोन गळ, प्रत्येकाला तीन तोंडं. बोटाने टोचून पाहिले, अगदी रक्ताचा थेंब येईपर्यंत. फेकला. दोन झटके, थांब, एक झटका. ओढ लागली नाही, खेच बसली नाही, काहीच नाही. वर आला तो बोडका.

आत कॉफी होत होती. वोब्बेने दोन कप काढले होते. मी तो मासा त्याच्या पुढ्यात टेबलावर ठेवला.

"हे काय आहे सांग बरं."

त्याने बघितलं. आश्चर्य वाटल्याचं काही दाखवलं नाही. "तीन तोंडांचे होते का?"

"हो. मग?"

"रिक्स्तला आवडायचे नाहीत ते. माशाचा डोळा फाटतो म्हणायची."

"वोब्बे, रिक्स्तला काय आवडायचं ते मी नाही विचारलं. गळ कुठे गेले ते विचारतेय."

"साखर घालू का?" तो म्हणाला.

मला राग आला. पण त्या दिवशी तो सलग तीन वाक्यं बोलला होता, म्हणून मी घाल म्हटलं आणि कॉफी प्यायले.

३

पुढच्या शनिवारी त्याची खुर्ची हलली होती. खिडकीखालची ती खुर्ची दोन वर्षांत इंचभर सरकली नव्हती. गालिच्यात तिच्या पायांचे चार खड्डे पडले होते. आता ते खड्डे मोकळे होते आणि खुर्ची शेगडीपाशी, खोलीच्या मधोमध.

"थंडी वाजते का रे?"

"नाही."

मी मसाल्याचा केक कापत होते तेव्हा आवाज आला. पायाखालून. टक, टक. मग काही नाही. मग एक टक.

पोलादी बोट आवाज करतेच. ऊन पडलं की पत्रा फुगतो. बदकं तळाला लागलेलं शेवाळ खातात. वाहून आलेलं लाकूड अडकतं. हे सगळं मी मनातल्या मनात म्हटलं, आणि केकची सुरी हातात धरून उभीच राहिले. वोब्बे मान कलती करून ऐकत होता. दोन वर्षांत त्याचा चेहरा इतका जागा मी पाहिला नव्हता. खरं सांगायचं तर मला बरं वाटलं. कशाने का होईना, माणूस जागा झाला.

"लाकूड अडकलं असेल," मी म्हटलं.

"असेल," तो म्हणाला, आणि खुर्ची वीतभर मागच्या बाजूला सरकवली.

तिसऱ्या शनिवारी खुर्ची मधल्या बोळात होती. बोळ इतका अरुंद की मला त्याच्या गुडघ्यांवरून ओलांडून मोरीत जावं लागलं. चौथ्या शनिवारी ती झोपायच्या खोलीच्या दारात होती. ती खोली अगदी मागच्या टोकाला, तिथे खिडकीची खालची कड पाण्याला टेकते. आवाजही आता तिथूनच येत होता. पहिल्या दिवशी तो बैठकीच्या खोलीखाली होता हे मला नीट आठवत होतं.

४

त्याच दिवशी मी झडप उघडली. असल्या बोटींच्या जमिनीत एक झडप असते. खाली उतरून तळाचं पोलाद कोरडं आहे ना ते बघायची. वोब्बेच्या पलंगाशेजारीच आहे.

"कशाला उघडतेस?" वोब्बे दारातून म्हणाला.

"पाणी झिरपतंय का बघते."

"नाही झिरपत. मी बघतो रोज."

"रोज?"

झडपेच्या कडेची धूळ पुसलेली होती, हे मला तेव्हा दिसलं.

मी टॉर्च घेऊन पोटावर झोपले आणि डोकं आत घातलं. कोरडं होतं. गंज, जळमटं, आणि पत्रा. त्या पत्र्याखाली चिखलापर्यंत जेमतेम हातभर पाणी असेल. मोठा पाइक तिथे आरामात बसतो. शेपटी आपटतो. मी मोठ्याने म्हटलंसुद्धा, "पाइक आहे रे." आणि हात लांब करून तळहात पत्र्यावर टेकवला.

टक झालं ते बरोबर माझ्या तळहाताखाली.

मी हात डावीकडे सरकवला. टक, तळहाताखाली. उजवीकडे, पार कोपऱ्यात. थोडा वेळ काही नाही. मग तिथेही, अगदी हळू, दार वाजवावं की नको अशा बेताने. मी हात काढून घेतला. घाबरले, दुसरं काय. त्यानंतर तो आवाज माझ्यापासून लांब जात राहिला. दोनदा वाजायचा, थांबायचा, एकदा वाजायचा, आणि प्रत्येक वेळी थोडा पुढे.

मागे वोब्बे खुर्चीतून उठला होता. मी वळले तेव्हा तो खोलीच्या आत दोन पावलं आला होता आणि त्याला ते कळलंही नव्हतं.

५

घरी येऊन भांडी घासताना माझं बोट ओट्यावर काहीतरी वाजवत होतं. टक, टक, आणि टक. मी नळ बंद केला.

हा हात माझ्या ओळखीचा होता. तीस वर्षं मी हेच करत आले आहे. दोन झटके, थांब, एक झटका. मासा मागे लागला की थोडं पुढे न्यायचं. फार नाही. त्याला वाटलं पाहिजे की आता मिळेल. त्याने तोंड फिरवलं तर पुन्हा थांबायचं. शनिवार ते शनिवार वोब्बेची खुर्ची खिडकीपासून शेगडी, शेगडीपासून बोळ, बोळापासून दार. गळसुद्धा काढून दाखवले, रिक्स्तच्या पद्धतीने, म्हणजे त्याने ओळखावं.

बसच्या आरशात जे दिसतं त्यावर विश्वास ठेवायचा, असं आम्हाला शिकवलं होतं. इथे दिसण्यासारखं काहीच नव्हतं. वेडेपणा करू नकोस, असं मी स्वतःला दोनदा सांगितलं. रिक्स्त पुरलेली आहे. तिला मी ओळखलं होतं, तिच्या पायमोज्यांवरून आणि दातांवरून. खाली जे काही होतं ते रिक्स्त नव्हतं. त्याला फक्त रिक्स्त कशी होती ते माहीत होतं.

६

दर काही वर्षांनी अशी बोट गोदीत नेऊन तळ तपासून घ्यावा लागतो, नाहीतर विमा बंद. वोब्बेच्या बोटीची मुदत उलटून गेली होती. मी गोदीवाल्या मायनर्टला फोन केला. तो आमच्या शाळेतला, त्याला फार समजावावं लागत नाही.

"येत्या बुधवारी ओढून नेतो," तो म्हणाला. "पण भाऊ तयार आहे का? मागे मला त्याने हाकललं होतं."

"तयार करते."

मंगळवारी दुपारी मी गेले. वोब्बे झडपेच्या कडेला बसला होता, पाय आत सोडून, पायात नुसते मोजे. खुर्ची बोळात आडवी पडली होती. मी वाटाण्याचं सूप डब्यातून आणलं होतं, ते गरम केलं, वाडगा त्याच्या हातात दिला. तो खायला लागला.

"उद्या मायनर्ट येतोय. बोट गोदीत जाणार. तीन दिवस तू माझ्याकडे."

चमचा थांबला. "आठवडाभर थांबव."

"का?"

"थांबव गं हिस्के. आठवडाच मागतोय. एवढ्यात बोट हलवू नकोस."

"वोब्बे, खाली कोणी नाही."

"मग हलवायची घाई कसली?"

दोन वर्षांत त्याने माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. हे पहिलंच होतं.

"आठवड्याने काय होणार आहे?" मी विचारलं.

"मला कंटाळा येईल," तो म्हणाला. अगदी साधेपणाने. "मला माझा स्वभाव माहीत आहे. थोडे दिवस येतं ते, मग जातं. तू घाई केलीस की मला राहवणार नाही."

मला वाटलं तो टाळतोय. त्याचं 'बघू' मी दोन वर्षं ऐकत आले होते. मी त्याचे बूट शोधले, कोरडे केले आणि दाराशी ठेवले. म्हटलं, "उद्या दहा वाजता." त्याने वाडगा चाटूनपुसून संपवला आणि माझ्याकडे परत दिला.

७

बुधवारी कालव्यावर बर्फाचा पापुद्रा धरला होता. खिडकीच्या काचेएवढा पातळ. ऊन होतं, वारा नव्हता. मायनर्टने आपली छोटी ओढबोट आणली, दोर बांधले, आमचे दोर सोडले. वोब्बे काठावर आला. आंघोळ करून, दाढी करून. केस ओले विंचरलेले. मी त्याच्या दंडाला धरून उभी राहिले. मला वाटलं, जिंकलं. आता गाडीत बसवायचं आणि घरी न्यायचं.

बोट हलली. बर्फ कडकड करत फुटला आणि बोट पुढे सरकली, तशी तिच्याखालची जागा उघडी पडत गेली. चहूकडे पांढरट बर्फ आणि मधोमध बोटीच्या मापाचं काळं पाणी. हलतही नव्हतं. मायनर्टने वेग वाढवला.

तेव्हा मला ते आठवलं. रिक्स्तने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि पुढे मी कितीतरी जणांना सांगितलं असेल. मासा मागे मागे येतोय, पण तोंड उघडत नाही. घेऊ की नको करतोय. अशा वेळी त्याला वेळ दिलास तर तो कंटाळून परत फिरतो. आणि लाकडी मासा एकदम जोरात पळवलास, तर तो झेप घेतो. विचार करतच नाही. हातचं निसटतंय, एवढंच त्याला दिसतं.

बोट पळत होती. मीच पळवायला लावली होती.

मी दंड आवळला. "वोब्बे, गाडीत चल. आत्ताच्या आत्ता."

"हो," तो म्हणाला. शांत होता. त्याने चष्मा काढला, घडी घातली आणि माझ्यापुढे धरला. "जरा धर."

मी धरला. कोणी काही पुढे केलं की हात जातोच, चौतीस वर्षं लोकांचे पास घेतलेला हात तो. चष्मा पडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरला.

तो एक पाऊल पुढे गेला. उडी नव्हती ती. जिन्यावरून खाली उतरावं तसा. पाणी उडालं नाही, आवाज झाला नाही. त्याच्या डोक्यावरून पाणी मिटलं, आणि त्याच्या खाली काहीतरी रुंद, फिकट असं कुशीवर वळलं. क्षणभरच. घास तोंडात पक्का धरला की मासा वळतो, तेव्हा त्याचं पोट दिसतं. बोटीएवढ्या त्या काळ्या पाण्यात ते ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत होतं. मग पाणी पुन्हा काळं झालं.

मायनर्ट ओरडत होता. मी गुडघ्यांवर बसले आणि खांद्यापर्यंत हात पाण्यात घातला. हाताला काठालगतचा मऊ चिखल लागला. चष्मा दुसऱ्या हातात तसाच होता.

८

पाणबुडे दोन दिवस शोधत होते. पंपाची जाळी ते महिनाभर रोज बघत होते. त्या जागी पाणी एक मीटर चाळीस आहे, त्यांनी काठी घालून मोजलं. माझा भाऊ एक मीटर नव्वद होता. हे मी जबाबात सांगितलं. पोलिसातल्या बाईने ते लिहून घेतलं, मग लिहिलेलं पुन्हा वाचलं, आणि मला पाणी हवं का विचारलं.

गोदीतून मायनर्टचा फोन आला. तळ ठणठणीत आहे म्हणाला. एका रेषेत मात्र शेवाळ घासून गेलंय, पुढून मागेपर्यंत, पत्रा चकचकीत. नांगराची साखळी घासली असावी. मग त्याने विचारलं, "बोटीचं काय करू, हिस्के? विकायची का?"

"होती तिथे आणून बांध," मी म्हटलं.

लेउवार्डनचं घर मी सोडलं. ती खोलीही त्यातच गेली. आता मी इथे राहते. लोकांना वाटतं बाईच्या डोक्यावर परिणाम झाला, आणि मी कोणाशी वाद घालत नाही. मला रडू आलं नाही अजून. येईल म्हणून मी वाट बघितली, मग तेही सोडून दिलं. सकाळी कॉफी करते, एक कप. झडप उघडी ठेवते आणि तिच्या कडेला जमिनीवर पालथी पडते, कान फळीला लावून. दुपारपर्यंत पडून राहते.

आठ महिने झाले. खालून काही आवाज नाही. पत्रा उन्हाने तडतडतो, बदकं शेवाळ खातात, ते मला आता सगळं ओळखता येतं. बाकी काही नाही. हाक मारून पाहिली. तळहात टेकवून पाहिला, डावीकडे, उजवीकडे, कोपऱ्यात. बिनगळाचा मासा फेकून पाहिला, तो जसाच्या तसा परत येतो.

ह्यात न कळण्यासारखं काही नाही. ज्याच्यासाठी आलो तो मासा मिळाला, की आपण दोरा गुंडाळतो आणि घरी जातो. उगाच पाण्यात गळ कोण टाकत बसतं? मीही कधी बसले नाही.

पण मला अजून कुठेही जाता येत नाही. त्याने एक आठवडा मागितला होता.